वाकणातलं पाणी

पहिल्या दिवशी आदेरितोनं हातात पाना दिला नाही,
सरबताच्या ग्लासातली नळी दिली.
वरचं तोंड बोटानं दाब, म्हणाला, आता उचल.
सरबत नळीत लटकून राहिलं, पडेना.
बोट काढलं, तसं पडलं.
"झालं, निम्मा धंदा शिकलीस.
पाणी एकटं कुठंच जात नाही,
त्याला वाऱ्याची सोबत लागते.
सरबताचे पैसे तू दे."

अकरा वर्षं मी सार्डिनच्या डब्यांना झाकणं लावली होती
सेतूबालच्या बंदरामागच्या कारखान्यात,
तो बंद पडेपर्यंत.
घट्ट मिटवणं, एवढंच मला येत होतं.
आता कळलं, घराला
एक उघडं तोंड लागतंच,
कौलांच्याही वर, जिथं कुणी बघत नाही.

भिंतीआड येणारं पाणी जोरात येतं,
बारीक नळीतून, कोपऱ्याकोपऱ्यावर धडकत,
तोटी नसती तर थांबलंच नसतं.
जाणारं मात्र निव्वळ उताराच्या भरवशावर जातं.
मीटरमागे दोन सेंटिमीटर.
"जास्त उतार दिलास तर पाणी पळून जातं
आणि घाण मागं राहते," तो म्हणाला,
लेव्हलमधला बुडबुडा निरखत.
मला माझा पहिला नवरा आठवला.
बोलले नाही.

आणि बेसिनखालचं ते वाकण.
मला वाटायचं, अंगठी पडली तर सापडावी म्हणून असेल.
त्यात घोटभर पाणी अडून राहतं, कायम.
म्हणजे पाणी रोज नवं, अडणं तेच.
पलीकडे अख्ख्या शहराचं गटार,
अलीकडे आपला दात घासायचा ब्रश,
मध्ये तेवढा घोट.

फेब्रुवारीत दोना इडालिनाकडे गेलो, चढावरच्या घरी.
वरच्या मजल्यावर कुजका वास.
तिनं ब्लीच ओतून झालं होतं,
लिंबाच्या साली झाल्या, संत अंतोनीपुढं मेणबत्ती झाली.
शेजारीण म्हणे, उंदीर मेलाय.
जावई म्हणे, फरशी फोडा.
आदेरितोनं शॉवरच्या जाळीवर टॉर्च मारला.
"इथं शेवटची अंघोळ कुणी केली?"
ती बोटांवर महिने मोजायला लागली.
"ऑगस्टमध्ये. एव्हारिस्तो आला होता, लक्झेंबर्गहून."
"मग तेव्हापासूनचं पाणी उडून गेलं. वाकण कोरडं पडलंय."
त्यानं बादलीभर पाणी ओतलं.
आम्ही तिघं खिडकी उघडून उभे राहिलो,
वीस मिनिटं, काही न करता.
वास गेला.
"एवढंच?" ती चिडलीच.
फरशी फोडायची तिची तयारी झाली होती.
"पंधरा दिवसांनी एकदा पाणी ओतत जा.
नाहीतर वरून चमचाभर तेल सोडा, लवकर उडणार नाही."
"कुठलं तेल?"
"कुठलंही. स्वस्तातलं."
ती खाली जाऊन बाटली घेऊन आली.
ऑलिव्हचं, भावाच्या झाडांचं, पहिल्या घाण्याचं,
आणि चमचा न घेताच ओतलं.

हल्ली रात्री वरच्या बिऱ्हाडात फ्लश ओढला
की माझ्या बेसिनला गुडगुड होते,
कुणी घोट गिळावा तशी.
पूर्वी मी कूस बदलायचे.
आता पडल्या पडल्या नकाशा दिसतो:
वरून लोंढा उतरतोय,
त्याला वारा हवाय, वरून मिळत नाहीये,
म्हणून तो माझ्या वाकणातून ओढून घेतोय.
शिडी लावून बघून आले.
सीगलनं पाइपाला टेकून घरटं केलंय,
निम्म्या काड्या तोंडात कोंबल्या गेल्यात.
तीन अंडी, ठिपक्यांची.
माझ्या डोक्यावर दोनदा झडप घातली तिनं.

आदेरितोला विचारलं.
जूनपर्यंत थांब, म्हणाला, पिल्लं उडू देत.
तोवर निजताना बेसिनमध्ये मगभर पाणी.
बिल कुणाच्या नावावर फाडायचं,
ते काही बोलला नाही.